भिंतीत नको, छपरावर नको: काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये मोकळी स्पॉन जागा शोधताना

"भावा, अडकलोय. कुणीतरी मार मला." डेथमॅच किंवा झोंबी मोड लावलेल्या लॅनवर ही हाक आली की समजायचं, स्पॉनचं (म्हणजे खेळाडूला मॅपवर जन्माला घालायचं) प्लगिन जागा निवडतंय, पण ती खरंच मोकळी आहे का हे नीट बघत नाही. कॉलेजच्या फेस्टला किंवा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या कॅफेत १.६ चा सर्व्हर लावणाऱ्या, आणि एएमएक्स मॉड एक्सवर (१.६ च्या सर्व्हरला प्लगिनं जोडायची सोय) त्याच्या पॉन भाषेत थोडंफार लिहिणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय.

रँडम स्पॉनची बरीच प्लगिनं अशी लिहिलेली दिसतात: खेळाडू जन्मायच्या क्षणी तीन रँडम आकडे काढायचे, जागा जमली तर ठेवायची, नाही जमली तर परत काढायचे. माझ्या मते मूळ घोळ इथंच आहे. जागा शोधणं हे वेळखाऊ काम आहे, ते खेळ सुरू व्हायच्या आधी करून फायलीत साठवून ठेवावं. स्पॉनच्या क्षणी एकच प्रश्न शिल्लक राहायला हवा: साठवलेल्या जागेवर आत्ता कुणी उभं आहे का?

आधी मॅपमधल्या मूळ जागांबद्दल थोडक्यात. काउंटर-स्ट्राइकच्या मॅपमध्ये सीटींसाठी (काउंटर-टेररिस्ट) 'इन्फो प्लेअर स्टार्ट' आणि टेररिस्टांसाठी 'इन्फो प्लेअर डेथमॅच' अशा एंटिटी (मॅपमध्ये ठेवलेल्या वस्तू) असतात. त्या दोन टोकांना गठ्ठ्यानं ठेवलेल्या असतात. राउंडच्या खेळाला ते बरोबर आहे, पण मेल्यावर लगेच परत जन्म मिळणाऱ्या मोडमध्ये दोन मिनिटांत सगळ्यांना कळतं की शत्रू कुठून उगवतो, आणि मग तिथंच एडब्ल्यूपी स्नायपर लावून बसतात. शिवाय जागा कमी आणि खेळाडू जास्त झाले की भरलेल्या जागेवर नवा खेळाडू टाकला जातो आणि आधीचा बिचारा उभ्या उभ्या मरतो. म्हणून आपल्या स्वतःच्या जागा लागतात.

उदाहरणासाठी एक मॅप डोळ्यांसमोर ठेवू: कोल्हापूरचं खासबाग मैदान. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेलं हे कुस्तीचं मैदान गोल आहे. मधोमध तांबड्या मातीचा हौद, भोवतीनं चढत गेलेली बसायची जागा, वर उघडं आकाश. हॅमरमध्ये (मॅप बनवायचं साधन) या धर्तीवर कुणी मॅप बनवला तर स्पॉन प्लगिनच्या जेवढ्या परीक्षा असतात तेवढ्या सगळ्या एकाच ठिकाणी होतात. गोलाई आहे, उतार आहे, बसायच्या जागेखाली बुटक्या पोकळ्या आहेत, आणि बाहेरच्या भिंतींच्या माथ्यावर मोकळी पण कुणालाच न पोचता येणारी हवा आहे.

नुसत्या रँडम आकड्यांनी काय होतं

१.६ ज्यावर चालतो त्या गोल्डसोर्स इंजिनचं जग प्रत्येक अक्षावर उणे ४०९६ ते अधिक ४०९६ युनिट एवढं असतं. आपलं खासबाग १५०० युनिट त्रिज्येचं आणि ६०० युनिट उंचीचं धरलं, तर सगळ्या जगातून रँडम बिंदू काढल्यावर साधारण १३० बिंदूंमागे एक मैदानाच्या आत पडतो. त्यातले बहुतेक हवेत लोंबकळणारे असतात. म्हणजे एका खेळाडूसाठी शेकड्यांनी प्रयत्न, आणि राउंड सुरू होताना ३२ खेळाडू एकदम जन्मतात. प्लगिनचा कोड गेमच्याच थ्रेडवर चालतो, त्यामुळे लूप संपेपर्यंत सगळा सर्व्हर थांबतो. लूपला मर्यादा घातली नसेल आणि मॅप छोटा असेल तर तो थांबलेलाच राहतो.

मॅपची हद्द आधी काढून घेतली तर बराच फरक पडतो. सगळ्या स्पॉन एंटिटी, ओलीस आणि बॉम्बच्या जागा यांचे किमान-कमाल आकडे घ्यायचे आणि चारी बाजूंनी ५१२ युनिट वाढवायचे. यात एक खड्डा आहे. बॉम्बसाइटसारख्या ब्रश एंटिटीचा (मॅपच्या ठोकळ्यांनी बनलेली) ओरिजिन, म्हणजे इंजिन जागा म्हणून धरतं तो बिंदू, बहुतेक वेळा शून्य-शून्य-शून्य असतो, कारण ती मॅपच्याच भूमितीचा तुकडा असते. तिची खरी जागा 'ॲबमिन' आणि 'ॲबमॅक्स'मध्ये (तिच्या डब्याचे दोन टोकांचे कोपरे) मिळते. ओरिजिन वाचून हद्द काढली तर विनाकारण मॅपचा मधला बिंदू हिशेबात येतो आणि खरी बॉम्बसाइट बाहेर राहते.

गोल मॅपला चौकोनी हद्द लावली की २१ टक्के बिंदू कोपऱ्यांत वाया जातात. मग काहीजण कोन आणि त्रिज्या रँडम काढतात. हे चांगलंच, पण त्रिज्या सरळ शून्य ते १५०० मधून काढली तर निम्मे बिंदू ७५० च्या आत पडतात, आणि त्या आतल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ एकूणच्या फक्त पाव असतं. सगळी पब्लिक हौदात आणि वरच्या पायऱ्या ओस. उपाय एका ओळीचा: शून्य ते एकमधल्या रँडम संख्येचं वर्गमूळ काढून त्याला त्रिज्येनं गुणायचं.

अंग मावतंय का

इथं विषय खोल आहे, सावकाश वाचा. गोल्डसोर्समध्ये खेळाडूचा ओरिजिन पायाशी नसतो, शरीराच्या मध्यावर असतो. उभा खेळाडू ३२ बाय ३२ बाय ७२ युनिटचा, म्हणजे ओरिजिनपासून ३६ खाली पाय आणि ३६ वर डोकं. बसलेला असेल तर उंची ३६.

जागा मोकळी आहे का हे बघायला 'ट्रेस हल' (हल म्हणजे अंगाएवढा ठोकळा; तो सरकवून कुठं अडतो ते इंजिनला विचारायचं) वापरायचा, सुरुवात आणि शेवट एकच बिंदू देऊन. उत्तरात 'स्टार्ट सॉलिड' आणि 'ऑल सॉलिड' दोन्ही खोटे असले पाहिजेत आणि 'इन ओपन' खरा. हलचे क्रमांक पाठच असू द्यात: ० म्हणजे नुसता बिंदू, १ म्हणजे उभा माणूस, २ म्हणजे ६४ बाय ६४ बाय ६४ चा मोठा ठोकळा, ३ म्हणजे बसलेला माणूस. खेळाडू जन्मतो तो उभा, म्हणून तपासणी कायम १ नं करायची. चुकून ३ दिला की खासबागच्या पायऱ्यांखालच्या बुटक्या पोकळ्या 'मोकळ्या' ठरतात आणि तिथं जन्मलेल्याचं डोकं दगडात जातं.

नुसत्या बिंदूनं किंवा 'ट्रेस लाइन'नं (ठोकळ्याऐवजी सरळ रेघ) तपासून का भागत नाही, याचं कारण मॅप कंपाइल होतो त्या पद्धतीत आहे. कंपाइल होतानाच प्रत्येक हलसाठी टक्करीचं वेगळं झाड तयार होतं. मॅप बनवणाऱ्यानं लावलेले अदृश्य 'क्लिप' ब्रश फक्त हल १, २, ३ च्या झाडांत असतात, बिंदूच्या झाडात नसतात. रेलिंगच्या वर, खिडकीच्या कठड्यावर, छपराच्या कडेला असे क्लिप सर्रास लावलेले असतात. ट्रेस लाइनला तिथं मोकळी हवा दिसते आणि खेळाडू मात्र न दिसणाऱ्या भिंतीत चिणला जातो. "समोर काहीच नाही तरी हलता येत नाही" ही तक्रार आली की आधी हेच तपासा.

आता जमीन. हवेतल्या बिंदूपासून खाली ट्रेस सोडून जमीन शोधायची असते, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. ट्रेस लाइन खाली सोडली तर शेवटचा बिंदू म्हणजे प्रत्यक्ष जमीन, तिच्यात ३६ आणि वर १ युनिट सुरक्षेसाठी मिळवायचा. ट्रेस हल खाली सोडला तर शेवटचा बिंदू हाच ओरिजिन असतो, त्यात ३६ मिळवायचे नाहीत. दोन ठिकाणचा कोड एकत्र चिकटवला की एक तर खेळाडू अर्धा जमिनीत जातो, नाहीतर हवेतून धपकन पडतो.

उतारावर ट्रेस लाइन पूर्णच फसते. ४५ अंशांच्या चढावर मध्यबिंदूखाली जमीन सापडली, पण ठोकळ्याची कड तिथून १६ युनिट पुढं असते आणि तिथली जमीन १६ युनिट वर असते. ३७ युनिट वर ठेवलेल्या खेळाडूची ती कड १५ युनिट जमिनीत रुतते. हल खाली सोडला तर पहिल्यांदा कडच टेकते आणि ठोकळा बरोबर उंचीवर थांबतो. म्हणून माझा नियम असा, की जमीन शोधायला पण हल १ च वापरायचा आणि ट्रेस लाइन फक्त नजरेसाठी राखून ठेवायची.

खाली टेकल्यावर पृष्ठभागाच्या नॉर्मलचा (त्याला लंब असलेली दिशा) झेड घटक बघायचा. ०.७ पेक्षा कमी असेल तर इंजिन त्याला जमीन मानत नाही आणि खेळाडू घसरत जातो. ०.७ म्हणजे साधारण साडेपंचेचाळीस अंश.

पाण्यासाठी 'इन ओपन'वर विसंबू नका. 'पॉइंट कंटेंट्स' वेगळं विचारायचं, तेही पाय, कंबर आणि डोकं अशा तीन उंचींवर. उणे १ म्हणजे रिकामं. उणे २ भरीव, उणे ३ पाणी, उणे ४ चिखल, उणे ५ लाव्हा, उणे ६ आकाश. तिन्ही ठिकाणी उणे १ आलं तरच पुढं जायचं.

ट्रेसला न दिसणारी पण मारणारी आणखी एक जात आहे: ट्रिगर. 'ट्रिगर हर्ट', 'ट्रिगर टेलिपोर्ट', 'ट्रिगर पुश' भरीव नसतात, त्यामुळे हल त्यातून आरपार जातो. खड्ड्याच्या तळाशी ट्रिगर हर्ट असेल तर जागा सगळ्या चाचण्यांत पास होते आणि खेळाडू जन्मताक्षणी मरतो. या एंटिटी नावानं शोधून त्यांचा ॲबमिन-ॲबमॅक्सचा डबा आणि खेळाडूचा डबा एकमेकांवर येतात का ते बघायचं. दरवाजे आणि फिरत्या गाड्यांना तर चारी बाजूंनी ६४ युनिटचं अंतर सोडा. बंद दारासमोरची जागा मोकळी दिसते, पण दार उघडलं की तिथला माणूस दार अडवतो किंवा चिरडला जातो. शिडीवरचे बिंदू पण गाळून टाकावेत, तिथं जन्मलेल्याला पहिला सेकंद काही उमगत नाही.

मोकळी आहे, पण पोचता येतं का

वरच्या सगळ्या चाचण्या पास होऊनही जागा निरुपयोगी असू शकते. खासबागच्या बाहेरच्या भिंतीचा माथा सपाट आहे, वर आकाश मोकळं आहे, पाणी नाही, ट्रिगर नाही. हल तिथं झकास मावतो. पण तिथं जन्मलेल्याला खाली उडी मारण्यावाचून गत्यंतर नाही, किंवा क्लिपमुळे तेही जमत नाही. सजावटीच्या बंद खोल्यांचंही तेच.

ओळखीच्या जागेपासून चालत जाऊन शोधणं हा यावरचा खात्रीचा उपाय. मॅपमधल्या मूळ स्पॉन जागा या बिया. त्या पोचण्याजोग्या असतातच. आतापर्यंत मान्य झालेल्या जागांपैकी एक रँडम घ्यायची, ० ते ३६० मधला एक कोन रँडम काढायचा, आणि त्या दिशेनं ३२-३२ युनिटची पावलं टाकत जायचं, साधारण दहा पावलं. प्रत्येक पाऊल तीन ट्रेसचं: आधी १८ युनिट वर, मग ३२ युनिट पुढं, मग खाली. सगळे हल १ चे. १८ हा आकडा इंजिनचाच आहे, न उडता जेवढी पायरी चढता येते तेवढी उंची. पुढचा ट्रेस मध्येच अडला तर जिथं थांबला तिथून खाली उतरायचं, पण ४ युनिटही सरकला नसेल तर ती चाल तिथंच संपवायची.

खाली किती उतरू द्यायचं? साध्या उडीत ४५ युनिट वर जाता येतं. म्हणून वर घेतलेले १८ आणि त्याखाली ४५, असा ६३ युनिटचा ट्रेस. तेवढ्यात जमीन लागली नाही तर चाल रद्द. यानं जायची आणि यायची दोन्ही वाट शाबूत राहते, परत वर न येता येणाऱ्या खड्ड्यात कुणी जन्मत नाही.

एकदम ३०० युनिटचा ट्रेस सोडून काम उरकायचा मोह होतो. तो टाळा. लांब ट्रेस दरीवरून सरळ पलीकडं जातो आणि पलीकडची जागा 'पोचण्याजोगी' ठरवतो. छोटी पावलं असतील तर दरीच्या काठावरच चाल थांबते.

चाल संपलेल्या ठिकाणी अंग, जमीन, पाणी, ट्रिगर या सगळ्या चाचण्या. त्या झाल्या की शेवटची: आधी साठवलेल्या प्रत्येक जागेपासून अंतर किमान १२८ युनिट. एका अक्षावर ३२ युनिट असलं तरी अंगं एकमेकांत जात नाहीत, पण इतक्या जवळ चारजण जन्मले की मधल्याला हलता येत नाही. या अंतराच्या अटीमुळे जागा सगळीकडं सारख्या पसरतात, हौदात गर्दी होत नाही. ३२ खेळाडूंसाठी ९६ जागा जमवाव्यात. ६४ वर पण चालतं, त्याखाली गेलं की जागांची पुनरावृत्ती जाणवायला लागते.

हे सगळं ॲडमिनच्या एका कमांडवर, सर्व्हर रिकामा असताना चालवा. एका दमात चालवू नका. 'सेट टास्क'चा सगळ्यात छोटा अवधी ०.१ सेकंद आहे, तर दर टास्कला २० चाली घ्या. एका चालीत ३० ट्रेस धरले तर ६०० ट्रेस होतात, ते आरामात निघतात. या टप्प्यावर ट्रेसला 'इग्नोर मॉन्स्टर्स' १ द्यायचं, म्हणजे कुणी मधे फिरत असलं तरी फरक पडत नाही. ब्रश एंटिटी मात्र तरीही मोजल्या जातात. त्यामुळे बंद दारामागच्या खोलीत चाल शिरत नाही. अशा खोल्यांसाठी, ॲडमिन जिथं उभा आहे ती जागा जोडायची दुसरी कमांड ठेवा. दोन-चार जागा हातानं टाकणं हे दारं ओळखणारा कोड लिहिण्यापेक्षा केव्हाही सोपं.

फुटणाऱ्या काचा आणि पेट्या राउंडच्या सुरुवातीला परत जागेवर येतात, म्हणून शोधाच्या आधी राउंड रिस्टार्ट करून घ्या. फुटलेल्या पेटीच्या जागेवर साठवलेला बिंदू पुढच्या राउंडला पेटीच्या पोटात असतो.

फायलीत एका ओळीला एक जागा: एक्स, वाय, झेड आणि चेहऱ्याचा कोन. आकडे पूर्णांक करून लिहिणार असाल तर झेड कायम वरच्या बाजूला पूर्ण करा. खाली गेला तर अर्ध्या युनिटनंसुद्धा पाय जमिनीत अडकतात. चेहऱ्याच्या कोनासाठी ४५ अंशांच्या अंतरानं आठ दिशांना ट्रेस सोडायचे आणि सगळ्यात लांब गेलेली दिशा घ्यायची. भिंतीकडं तोंड करून जन्मणं हे अडकण्याइतकंच वैताग आणणारं आहे, आणि बरीच प्लगिनं याकडं बघतच नाहीत.

स्पॉनच्या क्षणी

'हॅम स्पॉन'चा हुक (जन्माच्या वेळी आपला कोड चालवणारा) पोस्टमध्ये, म्हणजे जन्म झाल्यावर, घ्या आणि आत शिरल्या शिरल्या खेळाडू जिवंत आहे का ते बघा, कारण हा हुक सर्व्हरला जोडताना पण लागतो.

निवडीची पद्धत महत्त्वाची आहे. सोपी म्हणून एक पद्धत सगळीकडं दिसते: रँडम क्रमांकापासून सुरू करायचं आणि भरलेली जागा आली की पुढची, परत पुढची. यात एक पक्षपात लपलेला आहे. लागोपाठ पाच जागा भरलेल्या असतील तर त्यांच्यानंतरची सहावी जागा निवडली जायची शक्यता इतरांच्या सहापट होते. आणि चालत शोधलेल्या जागा फायलीत शेजारी असल्या तर मॅपवरही बऱ्याचदा शेजारीच असतात. म्हणजे जिथं गर्दी आहे तिथंच आणखी माणसं टाकली जातात.

त्यापेक्षा हे करा: सगळ्या जागांच्या क्रमांकांची एक यादी घ्या. त्यातला एक रँडम उचला. जमला नाही तर यादीतला शेवटचा क्रमांक त्याच्या जागी ठेवा आणि यादी एकानं लहान करा. प्रत्येक जागा एकदाच तपासली जाते, सगळ्यांना समान संधी मिळते, आणि ९६ फेऱ्यांत लूप हमखास संपतो.

तपासण्यांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडं. आधी जिवंत शत्रूंपासूनचं अंतर, नुसता हिशेब आहे. मग हल १ चा ट्रेस, या वेळी 'इग्नोर मॉन्स्टर्स' ० देऊन, म्हणजे उभी माणसं पण दिसतात. यात वगळायची एंटिटी म्हणून जन्मणाऱ्या खेळाडूचाच क्रमांक द्यायचा. तो दिला नाही तर त्याचं स्वतःचंच अंग आडवं येतं आणि चांगली जागा भरलेली दिसते. सगळ्यात शेवटी नजर: शत्रूच्या डोळ्यांपासून जागेवरच्या डोळ्यांपर्यंत ट्रेस लाइन. १.६ मध्ये उभ्या खेळाडूचे डोळे ओरिजिनपासून १७ युनिट वर असतात. फ्रॅक्शन (रेघेचा किती भाग न अडता गेला) पूर्ण १ आला म्हणजे शत्रूला ती जागा दिसते.

आता खासबागसारख्या उघड्या वाडग्यात ही नजरेची अट कधीच पूर्ण होणार नाही. तिथं प्रत्येकजण प्रत्येकाला दिसतो. म्हणून अटी टप्प्याटप्प्यानं सैल करा. पहिल्या फेरीत शत्रू ६०० युनिटच्या बाहेर आणि नजरेआड. दुसऱ्या फेरीत नुसते ३०० युनिट. तिसऱ्या फेरीत फक्त अंग मावायला हवं. तेही जमलं नाही तर हात लावू नका, खेळाडूला गेमनं दिलेल्या मूळ जागेवर राहू द्या. उघड्या मॅपवर दोन-तीन सेकंदांचं स्पॉन संरक्षण द्यावं, कारण तिथं जागेच्या निवडीतून न्याय मिळणं शक्यच नाही.

जागा ठरली की 'एंजफंक'मधला (इंजिनची फंक्शनं बोलवायची सोय) 'सेट ओरिजिन' वापरा. नुसतं 'सेट पेव्ह'नं (एंटिटीचे साठवलेले आकडे थेट बदलणारं फंक्शन) ओरिजिन बदललं तर आकडा बदलतो, पण इंजिनच्या टक्कर-यादीत खेळाडू जुन्याच ठिकाणी राहतो. राउंडच्या सुरुवातीला एकाच फ्रेममध्ये सगळे जन्मतात तेव्हा पुढच्याचा ट्रेस मागच्याला बघतच नाही आणि दोघं एकाच जागी उभे राहतात. हा दोष एकट्यानं चाचणी घेताना कधीच दिसत नाही, भरलेल्या सर्व्हरवरच दिसतो. याच कारणासाठी आधी सगळ्यांच्या जागा ठरवून नंतर सगळ्यांना हलवणंही चुकीचं. एकाला ठेवायचं, मग दुसऱ्याचं बघायचं.

वेग शून्य करा, 'अँगल्स' आणि 'व्ही अँगल' दोन्ही भरा आणि 'फिक्स अँगल' १ करा. शेवटचं विसरलं तर चेहरा वळतच नाही, कारण क्लायंट आपलाच कोन परत पाठवतो.

पॉनमधले खड्डे

'गेट युजर ओरिजिन' नेहमीसारखं पूर्णांकांच्या ॲरेसह वापरलं की पूर्णांक देतं, पेव्हचा ओरिजिन फ्लोट असतो. पूर्णांकांची ॲरे ट्रेसला दिली तर तेच बिट फ्लोट म्हणून वाचले जातात. धन आकड्यांचं जवळजवळ शून्य होतं, ऋण आकड्यांचा कचरा होतो, आणि ट्रेस भलत्याच ठिकाणी जातो. फ्लोटच मागणाऱ्या फंक्शनला ती दिली तर कंपायलर २१३ क्रमांकाची 'टॅग मिसमॅच' सूचना देतो, पण 'एंजफंक' कुठलाही टॅग घेतं, तिथं सूचना येतही नाही. सूचना आली तर ती नुसती वॉर्निंग आहे म्हणून सोडून देऊ नका, स्पॉन प्लगिनमध्ये ती खरी चूकच असते.

'रँडम नम' दोन्ही टोकं धरून आकडा देतं. ९६ जागा असतील तर ० ते ९५ मागायचे. ० ते ९६ मागितले तर कधीतरी रन टाइम एरर ४ येतो, 'इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स', आणि तो नेमका भर खेळात येतो.

ट्रेसचं हँडल (उत्तर कुठं साठवायचं त्याची खूण) म्हणून ० देण्याची पद्धत आहे, पण ते सगळ्यांचं सामाईक हँडल. 'क्रिएट टीआर २'नं स्वतःचं घ्या आणि काम झालं की 'फ्री टीआर २'नं सोडा. मधेच रिटर्न होणाऱ्या वाटांवर ते सोडायचं राहून जातं, तिथं नजर ठेवा.

तपासून बघणं

बॉट भरून ३२ जागा पूर्ण करा आणि सर्व्हरला राउंडमागून राउंड रिस्टार्ट करू द्या. प्रत्येक स्पॉननंतर अर्ध्या सेकंदानं खेळाडूच्या सध्याच्या ओरिजिनवर, त्याला स्वतःला वगळून, हल १ चा ट्रेस घ्या, पण तो बसलेला असेल तर हल ३. अडकलेला आढळला तर मॅपचं नाव, जागेचा क्रमांक आणि जवळच्या खेळाडूचं अंतर लॉगमध्ये लिहा. एकच क्रमांक परत परत आला तर जागा खराब आहे, ती ओळ फायलीतून काढा. क्रमांक वेगवेगळे येत असतील आणि जवळचा खेळाडू ३२ युनिटच्या आत असेल तर जागांचा दोष नाही, सेट ओरिजिनची किंवा क्रमाची चूक आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की निम्मं काम झालं. मग नोक्लिप (भिंतींतून आरपार उडायची सोय) लावून एकदा सगळ्या जागांवरून हिंडून या. छपरावरचा किंवा दिव्याच्या खांबावरचा बिंदू डोळ्यांनाच लवकर दिसतो.

सोर्स इंजिनवर, म्हणजे सोर्समॉडमध्ये हेच करायचं असेल तर सगळ्यात आधी लक्षात घ्या की तिथं खेळाडूचा ओरिजिन पायाशी असतो. इथला ३६ चा हिशेब तिकडं नेला की खेळाडू हवेत जन्मतात. ठोकळ्याचं माप तिथं हवं ते देता येतं, म्हणून ते त्या त्या गेमचं द्यायला लागतं: टीम फोर्ट्रेस २ मध्ये ४८ बाय ४८ बाय ८२. मास्क (ट्रेसनं कशाकशाला अडायचं त्याची यादी) 'प्लेअर सॉलिड'चा घ्या. नुसता 'सॉलिड' घेतला तर प्लेअर क्लिप दिसत नाहीत आणि अदृश्य भिंतीत चिणण्याची गत इथंही होते. मॅपची हद्द शून्य क्रमांकाच्या एंटिटीवर 'वर्ल्ड मिन्स' आणि 'वर्ल्ड मॅक्स'मध्ये आयती मिळते, पण तिच्यात थ्रीडी आकाशाची (दूरचा देखावा दाखवणारी) छोटी खोलीपण धरलेली असते. त्या खोलीत जमीन असते, हवा मोकळी असते, अंगही मावतं. तिथं 'स्काय कॅमेरा' नावाची एंटिटी असते, तिच्या आसपासचे बिंदू गाळा, किंवा सरळ बियांपासून चालत जाण्याची पद्धत वापरा. त्या खोलीला वाटच नसते, त्यामुळे चाल तिथं कधी पोचत नाही.